ड्रम लागला का?

रेकॉर्डिंगला शांतता लागते, आणि जठारपेठेत शांतता मिळते ती फक्त मे महिन्यात, दुपारी एक ते चार. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो. सातव चौकात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. भाजीवाली नाही, भंगारवाला नाही, 'आहे का कोणी घरात?' म्हणत फाटक वाजवणारं कोणी नाही. मे महिन्यात अकोल्यात संचारबंदी लावायला कलेक्टरसाहेबांची सही लागत नाही. पण नेमक्या ह्याच वेळात गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला एक लोखंडी कूलर घरघरत असतो. माणसं गप्प बसतात तेव्हा कूलर बोलतात, आणि कूलरवर ताडपत्री चढली की मंगल कार्यालयं बोलू लागतात.

माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. म्हणजे फी तिथे भरली जाते. शिक्षण ड्रमचं चाललेलं असतं. त्यांचा चौघांचा बँड आहे आणि त्यांचं पहिलं गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं. अमरावतीच्या घरमालकाने ह्या कार्याला नकार दिल्यामुळे (मला त्या गृहस्थाबद्दल आदर आहे) ड्रम एस्टीने अकोल्याला, मामाच्या गावाला आला.

"मामा, कूलर बंद करावा लागेल."

"किती वेळ?"

"आवाज लागेपर्यंत."

"मग सलाइन आणूनच बसू."

स्नेअर ड्रम आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढे कमरेला लटकवून दोन काड्यांनी वाजवतात, पंधरा ऑगस्टला पोलीस बँडात असतो, तोच. बँडवाले त्याला साइड ड्रम म्हणतात. भाच्याकडचा १४ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच होता. वर एक पान, खाली एक पान, दोन्हीला दहा-दहा बोल्ट. वरचं पान साधारण पाव मिलिमीटर जाडीचं, त्यावर काडी बसते. खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, इतकं पातळ की नुसतं बोट लावतानाही जिवाची धाकधूक होते. आणि त्या खालच्या पानाला टेकून वीस बारीक वळीव तारांची एक पट्टी. वर काडी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, पान तारांना उडवतं, तारा परत पानावर आपटतात, आणि नुसत्या 'टक'चा 'चर्र' होतो. बाजूला एक खटका असतो. तो खाली पाडला की तारा पानापासून सुटतात आणि ड्रमचा सगळा तोरा उतरतो.

हे सगळं सोपं वाटतं. अवघड आहेत ते बोल्ट.

दहा बोल्ट म्हणजे गणेश मंडळाची कार्यकारिणी. एकाला जरा आवळलं की शेजारचा बिनसतो आणि समोरचा राजीनामा खिशात घेऊन फिरतो. म्हणून एका बाजूने गोल गोल आवळत जाण्यात अर्थ नसतो. अध्यक्षाला अर्धा पीळ दिला की लगेच समोरच्या कोषाध्यक्षाला अर्धा पीळ द्यायचा, मग सचिव, मग त्याच्या समोरचा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत काडीने हलकेच टिचकी मारायची आणि दहाही ठिकाणी एकच सूर येतो का ते ऐकायचं. नऊ ठिकाणी येतो. दहावा सदस्य सभेला आलेलाच नसतो. त्याला समजावून आणावं तर तोवर तिसरा आणि सातवा उठून गेलेले असतात. भाचा बोल्टची चावी हातात घेऊन ड्रमभोवती असा फिरत होता की वर्गणी मागणाऱ्या पोरांची मला दया आली.

ह्यात खालच्या पानाची वेगळी तऱ्हा. ते वरच्यापेक्षा चढं आवळायचं असतं, नाहीतर तारा लगेच दाद देत नाहीत. अनुभवी वाजवणारे आधी खालचं लावून घेतात, मग वरच्याकडे बघतात. भाच्याने हे व्हिडिओत बघितलं होतं. व्हिडिओतल्या माणसाच्या मागे मात्र कूलर नव्हता, आणि त्याची आजीही नव्हती.

आमची आई पाण्याचा ग्लास घेऊन वर आली. तिने ड्रम बघितला, जवळ गेली, आणि अंगठ्याने बोट अडवून वरच्या पानावर टिचकी मारली. एक इथे, एक तिथे. दर चैत्रात कुंभाराकडे रांगेने मांडलेले माठ ती अशीच वाजवत जाते. विसांतले एकोणीस नाकारते आणि विसाव्याचे पैसे कमी करून मागते. पानावरून तिने बोट काढलं आणि म्हणाली, "बद्द वाजतोय रे. चिरलाय का?"

"आजी, तो माठ नाही."

"मी कुठे म्हटलं माठ आहे? ह्या बाजूला खणखणीत आहे, ह्या बाजूला बद्द आहे. ऐक."

ऐकलं. तिने बोट ठेवलं होतं तो दहावा सदस्य होता.

आईचा कान बरोबर निघाल्यावर घराचे दरवाजेच उघडले. शेजारचे सर आले. सर निवृत्त आहेत आणि संध्याकाळी तबल्याचे वर्ग घेतात. त्यांनी चावी नाकारली आणि हातोडी मागितली. तबल्याला गठ्ठे असतात, गजऱ्यावर वरून मारलं की सूर चढतो, खालून मारलं की उतरतो. ह्यात एक इभ्रत आहे, असं त्यांचं म्हणणं. बोल्टने सूर लावणं म्हणजे नळ दुरुस्त करणं. "आणि हा कोणत्या पट्टीत लावायचा?" त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "कुठल्याच नाही, सर. कानाला बरं वाटेल तिथे." सर गप्प झाले. चाळीस वर्षं काळी एक, काळी दोन करण्यात घालवलेल्या माणसाला असं तोंडावर सांगायला नको होतं. खरं म्हणजे भाचा अर्धाच बरोबर होता. स्नेअरचा सूर गाण्याच्या पट्टीशी तंतोतंत जुळलाच पाहिजे असं नसतं, पण अगदी अर्ध्या सुराने भांडत असेल तर कान कुरकुरतो, आणि चांगले रेकॉर्डिंगवाले तेवढं बघतात.

सरांनी जाताना कातड्याचा विषय काढला आणि त्यावर बराच वेळ गेला, कारण कातडं हा आमच्याकडे हळवा विषय आहे. ताशाचं पान बकऱ्याच्या कातड्याचं होतं तोवर गणपतीतल्या पावसाने ते ओलं होऊन सैल पडायचं. मग मिरवणूक थांबवायची, कडेला वर्तमानपत्र पेटवायचं आणि ताशे शेकायचे. कोणत्या वर्तमानपत्राचा कागद जास्त वेळ जळतो ह्यावर वाद व्हायचे. बाराभाईचा मानाचा गणपती पुढे निघून जायचा आणि मागच्या मंडळाचे ताशे अजून शेकोटीवर. अमेरिकेतल्या ड्रमवाल्यांचंही हेच रडगाणं होतं. १९५६ साली चिक इव्हान्सने आणि १९५७ साली रेमो बेलीने प्लास्टिकची पानं बाजारात आणली तेव्हा त्यांची पावसापासून सुटका झाली. आपल्या ताशालाही पुढे तेच प्लास्टिक आलं, बोल्ट आले, आणि ताशाची तर्री (पोह्यांवरची नव्हे) भर पावसातही कडकडीत वाजायला लागली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजेश्वराला कावडी येतात, तेव्हा हे प्रत्यक्ष ऐकायला मिळतं. कावडीतली पोरं चिंब असतात, रस्ता चिंब असतो, ताशा मात्र कोरडा ठणठणीत बोलतो. प्लास्टिकला ओल बाधत नाही. ऊन बाधतं. तापलं की ते थोडं ढिलं होतं, आणि वरच्या खोलीवर तर आमच्या स्लॅबचं ऊन उतरत होतं. भाच्याने सकाळी लावलेला ड्रम दुपारी दुसऱ्याचाच असल्यासारखा वाजायचा.

खोली मात्र आम्ही फक्कड केली होती. मुंबई-पुण्याकडे भिंतींना फोमचे काळे, खाचेदार चौकोन चिकटवतात. दिसायला झकास दिसतात. बारीक, चिरके आवाज खातात आणि जाड आवाजांना हात जोडून पुढे जाऊ देतात. आम्ही कापसाच्या मुलखातले. घरात गाद्या मोजल्या तर हॉस्टेल उघडता येईल. चांगली सहा-सहा इंच जाडीची, पिंजून भरलेली गादी भिंतीपासून थोडी पुढे उभी केली तर तिच्यापुढे विलायती फोमने लाजावं. खोलीतला घुमारा गेला. एकच अडचण म्हणजे उन्हाळ्यात घरी पाहुणे येतात. संध्याकाळी यवतमाळची मावशी सहकुटुंब आली की स्टुडिओच्या उत्तर भिंतीवर तिचे यजमान झोपायचे.

आता आवाज. भाच्याचा ड्रम प्रत्येक फटक्यानंतर 'टुंऽऽग' असा लांबायचा. हा टणत्कार मोडायचे उपाय जगभर एकच आहेत, आणि सगळे घरगुती आहेत. इंग्लंडचे बीटल्स हे सर्वांत नावाजलेले लोक; त्यांचा ड्रमवाला रिंगो स्टार नंतर-नंतरच्या रेकॉर्डिंगला ड्रमवर स्वयंपाकघरातली फडकी पसरायचा. ही माहिती भाच्याने आजीला दिली, कारण ओट्यावरचं फडकं गायब झालं होतं आणि चौकशी सुरू होती.

आई म्हणाली, "मग त्याच्या आईनं दुसरं आणलं असेल. माझं जागेवर ठेव."

दुसरा नावाजलेला उपाय पाकिटाचा. खिशातलं पाकीट काढून पानाच्या कडेला ठेवायचं. फटका बसला की पाकीट क्षणभर उडतं, पान मोकळं वाजतं, पाकीट परत बसतं आणि लांबलेला टणत्कार दाबतं. उत्तम युक्ती. पण ती ज्या काळात निघाली त्या काळात पाकिटात नोटा असायच्या. माझं पाकीट ठेवून बघितलं. मोबाइलवरून पैसे द्यायला लागल्यापासून त्यात आधार, पॅन आणि एका डॉक्टरची जुनी पावती उरली आहे. पहिल्याच फटक्याला ते खोलीच्या कोपऱ्यात. शेवटी सरांचं आणलं. सरांची पेन्शन अजून बँकेत जाऊन हातात मोजून घेतली जाते. ते पाकीट बसलं ते बसलंच, ड्रमनेही आवाज टाकला.

मग चिकटपट्टी आली, मग दुमडलेला कागद, मग आणखी चिकटपट्टी. प्रत्येक जण येऊन थोडासा टणत्कार कमी करून जात होता. संध्याकाळपर्यंत ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजायला लागला आणि सगळ्यांनी एकमताने सांगितलं की आता छान झालाय. माझं स्पष्ट मत असं की वाद्य मेलं की ते शेजाऱ्यांना आवडायला लागतं.

ह्या टप्प्यावर मास्तर आले. जुन्या शहरात राहतात, उभी हयात बँडपार्टीत साइड ड्रम वाजवण्यात गेली, आता मुलगा धंदा बघतो. त्यांना भाच्याने बोलावलं नव्हतं, मीच बोलावलं होतं, कारण पंखा आणि कूलर बंद करून बसण्याची माझी मुदत संपत आली होती. मास्तरांनी खोलीत पाय ठेवला, भाच्याने एक फटका मारला, आणि ते दारातूनच म्हणाले, "बाबू, हे काय वाजवून रायला तू? त्याच्या तोंडावर बोळा कोंबला काय?"

त्यांनी चिकटपट्ट्या काढल्या. कागद काढला. पाकीट सरांना परत केलं. मग ड्रम उलटा करून खालची पट्टी बघितली, तारा ताणणारा स्क्रू दोन पीळ सोडला. "तार इतकी आवळली त ड्रमाचा गळा दाबते. तारेनं पानाले नुसतं टेकलं पायजे." मग तळहात पानाच्या मधोमध ठेवून, दुसऱ्या हाताच्या बोटाने कडेकडेने टकटक करत दहाही बोल्टवरून फिरले. चावी कमी, बोट जास्त. दहावा सदस्य सभेला हजर झाला. मी त्यांना विचारलं, कसं काय जमलं? "लगनात कोनी गाद्या बांधून देते काय भिंतीले? तिथं त रोडवर वाजवा लागते. अन् पार टोकाच्या बुवालेबी समजलं पायजे का नवरदेव आला."

तारेचं महत्त्व मास्तरांनी जे एका नजरेत ओळखलं, ते एका जगप्रसिद्ध मंडळीला उमगायला हवं होतं. मेटॅलिका हा अमेरिकेतला फार मोठा बँड. २००३ साली त्यांचा 'सेंट अँगर' नावाचा अल्बम आला. त्यांच्या ड्रमवाल्याने, लार्स उलरिखने, स्नेअरच्या तारांचा खटका पाडूनच वाजवलं, तो आवाज त्याला आवडला आणि तसाच ठेवला गेला. मोठ्या कंपनीचा पैसा, हवं तितकं यंत्र हाताशी, आणि जगभरचे चाहते आज वीस वर्षांनंतरही विचारतात की हा माणूस तेलाचा पिपा का बडवतोय. मास्तरांना भाच्याने मोबाइलवर ते ऐकवलं. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "खटका पडला त्याचा. कोनी सांगतलं नाई काय त्याले?"

तारा मोकळ्या सोडल्यावर दुसरं भूत उभं राहिलं. मोकळ्या तारा कुणाच्याही आवाजाने थरथरतात. खोलीत दुसरं काही खर्जात वाजलं की ड्रमला हात न लावता त्या 'झर्र' करून ओ देतात. स्टुडिओत हा त्रास बेस गिटारचा असतो. जठारपेठेत घंटागाडीच्या गाण्याचा, उमरीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आणि शेजारच्या मिक्सरचा. मुंबईत पूर्वी सिनेमाच्या गाण्यांना सगळा वाद्यवृंद एका हॉलात, एकाच वेळी वाजायचा. कावस लॉर्ड आणि त्यांची केरसी, बुर्जोर ही मुलं, अशा तालवाद्यवाल्यांच्या घराण्याने त्या गर्दीत उमेदीची वर्षं काढली. त्यांच्या शेजारी पन्नास व्हायोलिनं होती, आमच्या शेजारी चटणी वाटली जात होती. उपाय आहे: पट्टी जिथे खालच्या पानाला भेटते तिथल्या दोन्ही टोकांचे बोल्ट जरासे ढिले करायचे, किंवा वरच्या पानाचा सूर किंचित हलवायचा. बराच फरक पडतो. चटणीला मात्र उपाय नाही, मिक्सर थांबेपर्यंत थांबावं लागतं.

भाच्याला एवढ्यावर समाधान नव्हतं. लेड झेपेलिन बँडच्या जॉन बॉनमचे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते. त्या जिन्याच्या पोकळीने आवाजाला जो भव्यपणा दिला त्यावर पुढच्या पिढ्या जगल्या. भाच्याने ड्रम उचलून आमच्या जिन्याखाली नेला. वाड्याचा जिना रिकामा होता. आमच्या जिन्याखाली गव्हाची कोठी, रिकामा सिलिंडर, कूलरचं जुनं स्टँड, गुंडाळलेली सतरंजी आणि वरच्या भाडेकरूच्या मुलाची सायकल असते. पहिल्या फटक्याला भव्यपणा आला नाही, भाडेकरू आला. रात्रपाळी करून झोपलेला माणूस. तो काही बोलला नाही, सायकल उचलून वर घेऊन गेला. ड्रम परत गाद्यांत.

माइक एकच होता, शूअरचा एसएम सत्तावन्न. १९६५ साली बाजारात आला, दिसायला ओबडधोबड, आणि जगातल्या बहुतेक स्नेअरपुढे हाच उभा असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणापुढेही हाच असतो. दोन्हीकडे मारा सोसायचाच असल्याने मजबूत केला असावा. तो पानाच्या कडेवर दोन बोटं उंच, मधल्या दिशेने जरा तिरका धरायचा. इंचभर हलवला की आवाज बदलतो. कडेकडे नेला तर टणत्कार, मध्याकडे नेला तर ठोका. चावीने होत नाही ते काम कधीकधी माइक अर्धा इंच सरकवून होतं, आणि हे समजायला भाच्याला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण चावी फिरवताना काहीतरी केल्यासारखं वाटतं.

शेवटी कूलर बंद, घंटागाडी गेलेली, चटणी वाटून झालेली, आणि मास्तरांनी लावलेला ड्रम वाजला. एकट्याने ऐकताना त्यात टणत्कार भरपूर होता. सर म्हणाले, "लांबतोय." आई म्हणाली, "घुमतोय." भाच्याचा हात चिकटपट्टीकडे गेला. मास्तरांनी तो धरला. "बाकीचे वाजू दे बे आधी."

बाकीचे वाजले. गिटार आली, बेस आला, वर गाणाऱ्या पोराचा वऱ्हाडी शिव्यांनी बहरलेला आवाज आला, आणि तो नकोसा टणत्कार त्या गर्दीत कुठे विरघळला कळलंच नाही. उलट तोच स्नेअरला जिवंत ठेवत होता. चिकटपट्टीवाला ड्रमही भाच्याने हट्टाने रेकॉर्ड करून ठेवला होता. तो लावून बघितला तर गाण्यात पाटावर लाटणं आपटावं इतपतच ऐकू आला. एकट्या खोलीत जे कान सांगतो त्यावर विसंबून ड्रम मारून टाकणारे फार; आमच्या गल्लीत तर सगळेच.

गाणं तयार झालं. भाच्याने ते सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला बेसचा खर्ज झेपत नाही, ढोलाचा धमाका झेपत नाही; मधल्या पट्टीचे आवाज तेवढे बाहेर पडतात. म्हणजे गायकाचा गळा, आणि स्नेअर. सातव चौकातल्या चहाच्या टपरीवर लोकांनी फोन मधे ठेवून गाणं पूर्ण ऐकलं. मास्तरांचा ठोका कपबश्यांवरून लख्ख जात होता. गाणं संपल्यावर टपरीवाल्याने गाळणी झटकली आणि भाच्याला म्हणाला, "गानं मस्त हाये राज्या. फक्त ते मधी मधी टक-टक कायची होऊन रायली, तेवढी काढून टाक."